कूर्मदासाकडे देव गेला

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात हरिपाठानंतर झालेलं हे बोलणं. बोललो तसंच लिहून काढलं आहे, फार सुधारलेलं नाही.)



मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? त्या खांबाजवळच्या आजी कानाला हात लावून बसल्यात. त्यांना पुढे घ्या. नाही नाही, आजी, उठा, इथं समोर या. लाजायचं कशाला? पोरांनो, सरका थोडे. हं, आता बरं.

शंभर वर्षं झाली आपल्या दिंडीला. आपल्या आजोबा-पणजोबांनी खांद्यावर वीणा घेतली, पताका घेतली आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून माणसं गोळा करत, कासा, तलवाडा, जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पौषात पायी जायला सुरुवात केली. तेव्हा रस्ते नव्हते, होती ती जंगलाची पायवाट. ती थोरवी सांगणारे लेख या पुस्तकात पुष्कळ आहेत आणि ते असायलाच हवेत. आम्हाला मात्र आज आपल्या दिंडीची एक चूक सांगायची आहे. चूक दिंडीची म्हणतो, पण ती आमच्याच तोंडून झाली. ती सांगण्याआधी कूर्मदासांची कथा सांगतो. तुम्हाला ती पाठ असेल, तरी परत ऐका.

कूर्मदास पैठणचे. जन्मापासून हातपाय नसल्यासारखेच. कासवासारखं अंग ओढत चालायचे. कीर्तनात त्यांनी पंढरीच्या वारीचं वर्णन ऐकलं आणि मनानं घेतलं, की आपणही जायचं. पैठण कुठं आणि पंढरपूर कुठं! लोक म्हणाले असतील, की बाबा, तुझ्यानं काय होणार, तू इथूनच हात जोड. पण हात तरी कुठं होते जोडायला? ते निघाले. पोटावर सरपटत, लोळत, रोज जमेल तेवढी वाट कापायची. खडे टोचले, अंग सोलून निघालं. असं करत करत लऊळला आले. लऊळ म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं गाव. तिथं आले आणि एकादशी तोंडावर आली. पंढरपूर अजून काही कोस लांब. आपल्याला थोडकी वाट, त्यांना कितीतरी दिवसांची. त्यांना कळलं, की आपण पोचत नाही. मग पुढं जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्यांनी निरोप धाडला, की देवा, मी इथं अडकलोय, तूच ये. आणि देव आला. विटेवरून उतरून लऊळला आला. तिथं आजही कूर्मदासांचं देऊळ आहे, लोक दर्शनाला जातात.

ही कथा आम्ही कितीदा सांगितली असेल. भक्ताच्या हाकेला देव धावतो म्हणून सांगायची, लोक टाळ्या वाजवायचे, पुढचा अभंग घ्यायचा. एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात उशिरा आली. देवानं कूर्मदासांना हातपाय दिले असं काही आम्ही ऐकलेल्या कथेत नाही. द्यायला काय अशक्य होतं त्याला? पण तो तसं म्हणाला नाही, की थांब, आधी तुला आमच्यासारखा करतो, मग तू चालत ये. कूर्मदास होते तसेच राहिले. उरलेली वाट देवानं चालून काढली.

आणि गोरोबाकाकांची कथा? त्यांचे हात कीर्तनात परत आले. गोड कथा आहे, आम्हीही सांगतो, पुढेही सांगू. पण एकदा उधव्याच्या बाजूला कीर्तन झाल्यावर एक बाई भेटायला आली. कडेवर पाच-सहा वर्षांचं पोर, मान धरत नव्हतं. ती म्हणाली, बुवा, काकांचे हात आले, माझ्या पोराचे पाय का येत नाहीत? माझी भक्ती कुठं कमी पडली? आम्ही काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते देण्यासारखं नसणारच. तिच्या भक्तीत काही कमी नव्हतं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, तरी पोराच्या हालचाली अशा होऊ शकतात. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. त्यात ना आईचं पाप, ना पोराचं. लहानपणापासून व्यायाम आणि आधार मिळाला, तर पुष्कळ फरक पडतो. हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. कीर्तनकाराला सगळं माहीत असतं असं लोकांना वाटतं, त्याचाही एक तोटा असतो.

आता ती चूक.

दहा-बारा वर्षं झाली असतील. तलासरीकडच्या एका पाड्यावरची वारली पोरगी दिंडीत होती. सोळा-सतरा वर्षांची, मावशीबरोबर आलेली. टाळ छान धरायची. पौषातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. डहाणूच्या समुद्राकाठी अंगाला गोड लागणारी थंडी जव्हार-मोखाड्याच्या माळावर पहाटे हाडात शिरते. जव्हारच्या पुढच्या मुक्कामाला काकड्याच्या वेळी पोरगी उठेना. गुडघे दुखतात, कंबर दुखते, म्हणत रडायला लागली. आदल्या दिवशीही ती मागं मागं राहात होती. मावशी म्हणाली, हिला अधनंमधनं असं होतं, पावसाळ्यात तर फार. आम्ही काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, पोरी, देवाच्या वाटेवर अंग चोरू नये. चार माणसांसमोर म्हणालो. कुणीतरी हसलं.

ती उठली आणि चालली. दुपारी चढावर खाली बसली ती बसलीच. अंग तापलेलं, श्वास लागलेला. रस्त्यानं जाणारी एक जीप थांबवून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तेव्हा कळलं, की सिकलसेल. डॉक्टरांनी मावशीला विचारलं, सकाळपासून ही पाणी किती प्यायली? मावशी म्हणाली, प्यायलीच नाही. का? तर वाटेत बायकांना आडोशाला जायला जागा नसते, म्हणून आम्ही बायका चालताना पाणी कमीच पितो. शंभर वर्षांची दिंडी, माउली, आणि आमच्यासोबत चालणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत हे आम्हाला त्या दिवशी डॉक्टरच्या टेबलासमोर कळलं.

पोरगी वाचली. तिच्याबद्दल पुढं सांगतो. आधी हा आजार नीट समजून घेऊ. आपल्या दोन्ही तालुक्यांत तो पुष्कळ घरांत आहे आणि लोक त्याला वात म्हणतात, बाहेरचं म्हणतात, कुणी आळस म्हणतात.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल आणि मऊ असतात, त्यामुळं बारीक नसांमधूनही सरकतात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. मग त्या नसेत अडकतात, एकावर एक साठतात आणि पुढे रक्त जात नाही. जिथं रक्त जात नाही तिथं भयंकर दुखतं. हात, पाय, छाती, पाठ, कुठंही. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, फार दमणूक झाली, की पेशी जास्त वाकतात. आता बघा, आम्ही त्या पोरीला थंडीत, उपाशी, पाण्याशिवाय, तापात चालवलं. यातलं एकही सोडलं नाही. वारंवार असं झालं, तर खुब्याचं हाड झिजतं आणि तरुण माणूस लंगडायला लागतो. लहान मुलाला अर्धांगही होऊ शकतो. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजले आणि ते सारखं रडतं असलं, तर भगताकडे नेऊन वेळ घालवू नका, आधी दवाखाना. भगताला तुम्ही मानत असाल तर माना, आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण ताप आलेलं सिकलसेलचं मूल एक रात्रही थांबवायचं नसतं.

हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही. तो आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला, तर माणूस नुसता वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, त्याला आजारी म्हणायचं नाही. दोघं नवराबायको वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक संभव असा, की मूल आजारी जन्मेल. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासावं. हे बोलताना आम्हाला भीतीही वाटते. लोक याचाच उपयोग करून पोरीकडच्यांना नावं ठेवतील. म्हणतील, त्यांच्या घरात खोट आहे. अरे, खोट कसली? या आजाराची गंमत अशी, की वाहक माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हिवतापानं माणसं गेली, तिथं हे वाहक टिकले, त्यांची पोरंबाळं टिकली. म्हणून रानात राहिलेल्या समाजांत हे जास्त दिसतं, आपल्याकडच्या आणि आफ्रिकेतल्यासुद्धा. आपले पूर्वज जंगलात तगून राहिले, त्याची ही खूण आहे. पूर्वजन्मीचं पाप म्हणून आम्हीच कधी कीर्तनात बोललो असू, तर ते आज या व्यासपीठावरून मागं घेतो.

सरकारनं १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे, ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून नियमानं घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात. आशाताई पाड्यावर आल्या, की पळू नका.

तुम्ही म्हणाल, बुवा, बोलायचं होतं दिव्यांगांवर, हे आजाराचं काय काढलं? त्याचं असं आहे, की २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात सिकलसेल आहे. थॅलसेमिया, हिमोफिलिया आहे. स्वमग्न मूल आहे, मनाचा आजार आहे, कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस आहे. आपल्या डोळ्यांसमोर दिव्यांग म्हटलं, की काठी नाहीतर कुबडी येते. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला, तेव्हा पुष्कळांना वाटलं आता हा प्रश्न मिटत आला. पण न दिसणारं अपंगत्व केवढं आहे! ते दिसत नाही, म्हणून त्या माणसाला आपण खोटारडा ठरवतो. कुबडी असलेल्याला निदान बसायला जागा देतात. त्या पोरीला आम्ही तेवढीही दिली नाही.

नावाचंही तसंच. पूर्वी अपंग म्हणायचे, आता दिव्यांग म्हणतात. काहींना हा शब्द आवडतो, काहींना नाही. आमचं मत विचाराल, तर कागदावर काय लिहायचं ते लिहा, पाड्यावर हाक कशी मारता ते बघा. दिंडीत आपण सगळ्यांना माउली म्हणतो. लहान पोराला माउली, पोलिसाला माउली, बैलालासुद्धा. आणि पताका धरणाऱ्या पायानं अधू पोऱ्याला लंगड्या! त्याचं खरं नाव चोपदाराच्या वहीत नव्हतं, आम्ही बघितलं. कायद्यानं तर चारचौघांत असा जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भीतीनं माउली म्हणायचं असेल, तर गळ्यातली माळ कशाला?

आपल्या या मातीत एक फार मोठं उदाहरण होऊन गेलं आणि आपण ते फक्त चित्रांपुरतं लक्षात ठेवलं. जिव्या सोमा म्हसे. तलासरीतल्या धामणगावात १९३४ साली जन्मले, पुढं डहाणूच्या गंजाडजवळ राहिले. वारली चित्रकला त्यांनी जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली गेले. लहानपणी आई गेली आणि या पोराचं बोलणं बंद झालं. कितीतरी वर्षं बोलला नाही. काही सांगायचं असलं, की धुळीत बोटानं चित्र काढायचा. लोकांना त्यातून कळायचं. आता असं धरून चला, की त्याच्याभोवतीच्या माणसांनी मुक्या म्हणून त्याला ढोरांमागं पाठवला असता आणि धुळीतलं चित्र पायानं पुसलं असतं. ज्यांनी खाली वाकून ते चित्र वाचलं, त्या माणसांची नावं कुठं नोंदलेली नाहीत. आम्हाला ती माणसं जिव्यादादांइतकीच मोठी वाटतात. आपल्या पाड्यावर न बोलणारं पोर आहे ना? ते हातानं काहीतरी सांगत असतं. घरच्यांना कळतं. शेजाऱ्यांनी, दुकानदारानं, मास्तरांनी त्या खुणा शिकून घ्यायला किती दिवस लागतात? एक पावसाळा पुरे.

वारकरी संप्रदायातलंच बघायचं, तर विदर्भातले गुलाबराव महाराज. जन्म १८८१चा, अमरावतीकडचे. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. चौतीस वर्षांचंच आयुष्य, पण केवढी ग्रंथरचना! त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्यांची बुद्धी अलौकिक होती हे खरंच. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे होते, ते सांगतील ते लिहून घेणारे होते, हेही खरं. आंधळं पोर हुशार निघालं, तर आपण चमत्कार म्हणतो. त्याला वाचून दाखवणाऱ्याचं नाव आपण विचारत नाही.

आणि कोसबाड तर आपल्या घरचंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बघितलं, की पोरं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात. मग त्यांनी पोरांना शिक्षा केली नाही. शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा! जिथं पोर, तिथं शाळा. आम्हाला हे कूर्मदासांच्या कथेहून वेगळं वाटत नाही.

आता एक कडू गोष्ट. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी, दापचरीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसायला लागले. तुम्ही सगळ्यांनी ते भोगलंय. रात्री जमीन हलायची, भांडी पडायची, आणि आरडाओरडा झाला, की सगळे बाहेर. थंडीचे दिवस, लोक अंगणात, तंबूत झोपायचे. आम्ही तेव्हा काही पाड्यांवर भजनाला जायचो, लोकांना धीर यावा म्हणून. एका घरात बिछान्याला खिळलेला माणूस होता. ताडावरून पडून पाठीचा कणा गेलेला. त्यानं सांगितलं, पहिल्या मोठ्या धक्क्याला घरातले सगळे बाहेर धावले, मी आत. रागानं नाही सांगितलं. म्हणाला, त्यांचीही चूक नाही, कुणी ठरवलंच नव्हतं. तेच खरं. ऐकू न येणाऱ्याला कोण हलवून उठवणार, आंधळ्या म्हातारीचा हात कोण धरणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. धक्के काही आपल्याला विचारून येणार नाहीत. आज घरी गेल्यावर शेजारच्या चार घरांत मिळून एवढं तरी ठरवा.

ग्रामसभेत एक प्रश्न विचारा. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर झाले? विचारणारा एक जरी उभा राहिला, तरी पुढच्या वर्षी हिशेब तयार असतो. आणि यूडीआयडी कार्ड काढा. त्या कार्डासाठी आम्ही लोकांबरोबर गेलो आहोत. एका ठिकाणी डॉक्टर रजेवर, दुसऱ्या वेळी यंत्र बंद, तिसऱ्या वेळी आधारवरचं नाव जुळेना. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची तीन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून एकट्याला पाठवू नका. पाच-सहा जण मिळून जा, बरोबर एक लिहिता-वाचता पोरगा द्या, पोटापुरत्या भाकऱ्या द्या. हीसुद्धा दिंडीच की.

लोक विचारतात, कार्ड काढून काम कुठं मिळतं? सगळ्यांना मिळत नाही, खोटं कशाला सांगू. पण चिंचणी-वरोरकडे डायमेकिंगचं बारीक काम बसून होतं, वारली चित्रं बसून होतात. पाय अधू असला, तरी डोळा आणि हात शाबूत असतो. मालकानं जिन्याच्या वरची जागा खाली आणली, एवढ्यानं एकाचं काम टिकल्याचं आम्ही पाहिलंय.

त्या पोरीचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी आम्ही तिच्या पाड्यावर गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तिथं पोचल्यावर जीभ उचलेना. तिच्या आईनं चहा दिला. शेवटी म्हणालो, पोरी, आमचं चुकलं. ती म्हणाली, बुवा, मला यायचंय, पण चालवणार असाल तर नाही. तेव्हापासून दिंडीत एक टेम्पो फक्त बसणाऱ्यांसाठी आहे. सामानाचा वेगळा. पूर्वी पोतं आणि माणूस एकत्र टाकायचो, ते बंद. बसणाऱ्या टेम्पोत वीणा असते, म्हणजे जो बसला तो दिंडीच्या बाहेर नाही. दर विसाव्याला गरम पाणी आणि बायकांसाठी कनाती लावून आडोसा. त्यावर सुरुवातीला कुरबुर झाली, हे कबूल करतो. काही जुनी मंडळी म्हणाली, वारी म्हणजे कष्ट, गाडीत बसून कसली वारी? आम्ही त्यांना विचारलं, कूर्मदासांची वारी पूर्ण झाली, की नाही? ते गप्प बसले. पटलं की नाही, देव जाणे.

ती आता टेम्पोतला हरिपाठ सांगते. डॉक्टरांनी परवानगी दिली, तर निघायच्या दिवशी पहिलं अर्धं मैल चालते, नाहीतर तेही नाही. ते ठरवणं तिचं. तिच्या हातात पाण्याची बाटली असते आणि ती आम्हालाच दटावते, बुवा, प्यालात का?

बरं, खूप बोललो. आता कामाचं. यंदाच्या दिंडीची नावं देवळात द्यायची आहेत. वहीत नवा रकाना केलाय: चालताना, ऐकताना, बघताना, खाताना काही अडचण आहे का, आणि कोणतं औषध चालू आहे. लपवू नका. ते वाचून कुणाला वगळणार नाही, तशी नोंद वहीच्या पहिल्या पानावर आमच्या सहीनं आहे. पाड्यावर जे घराबाहेरच पडत नाहीत, त्यांची नावं तुम्ही आणून द्या, आम्ही भेटायला येतो.

पंगत बसतेय. मागच्या दाराला पायऱ्या नाहीत, कुबडीवाल्या माउलींनी तिकडून यावं. दामूअण्णांच्या पोरांनी वाढताना आंधळ्या माउलींना ताटात काय कुठं वाढलंय ते तोंडानं सांगावं. आजी, तुम्हाला ऐकू आलं ना सगळं? अर्धंच? बरं, जेवताना शेजारी बसतो, उरलेलं तेव्हा सांगतो.

रामकृष्ण हरि.